काम सुटले, ताट मात्र तेच!

‘डॉक्टरसाहेब, जेवतो त दोनच वेळा. तरी हे वजन काऊन वाढून राह्यलं?’

हा प्रश्न दवाखान्यात दर आठवड्याला आठ-दहा जण तरी विचारतात. विचारणारे खोटे बोलत नसतात. ते खरोखरच दोन वेळा जेवतात, हॉटेलात फारसे जात नाहीत, गोडाचीही विशेष आवड नसते. तरी पॅन्टची कंबर दर दोन वर्षांनी शिंप्याकडून सैल करून आणावी लागते. मग कारणे शोधणे सुरू होते. कुणी म्हणतो, थायरॉइड असेल. कुणी म्हणतो, चाळिशी उलटली, आता अंग सुटणारच. आणि हल्ली बऱ्याच जणांनी मोबाईलवर ऐकलेले असते की आपले ‘मेटाबॉलिझम’ मंद झाले आहे.

मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय. हे चयापचय नेमके काय असते, ते खरोखर मंद होते काय, व्यायामाने वजन किती उतरते आणि उतरत नसेल तर व्यायाम करायचाच कशाला, या चार प्रश्नांची उत्तरे आज पाहू. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला ती समजायला जड जाऊ नयेत, कारण यातला बराचसा हिशेब तांदळाचाच आहे.

शरीराची गिरणी

आपल्याकडे गावोगावी राइस मिल आहे. मिलची मोटर चालू केली की धान टाका अथवा न टाका, वीज खर्च होतेच. धान टाकले की थोडी जास्त होते. शरीराचेही असेच आहे. आपण गाढ झोपलेले असतो तेव्हाही हृदय धडधडत असते, फुप्फुसे हलत असतात, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू आपापली कामे करीत असतात, अंग गरम राहते, जुन्या पेशी मोडून नव्या बनतात. अन्नाचे शक्तीत रूपांतर करणाऱ्या आणि त्या शक्तीवर शरीराची ही बांधणी-मोडणी चालवणाऱ्या सगळ्या घडामोडींना मिळून चयापचय म्हणतात.

हा खर्च उष्मांकांत, म्हणजे कॅलरीत मोजतात. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चापैकी साधारण ६० ते ७० टक्के खर्च नुसते जिवंत राहण्यावर होतो. सुमारे १० टक्के अन्न पचवण्यात जातो. उरलेला खर्च हालचालीचा. पहिले दोन खर्च आपल्या हातात फारसे नाहीत. तिसरा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि माणसामाणसांत सर्वांत जास्त फरकही त्यातच पडतो.

आता वयाचा मुद्दा. ‘तिशीनंतर चयापचय मंदावते’ असे आम्ही डॉक्टरही वर्षानुवर्षे ऐकत आलो. २०२१ साली ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांचा, अगदी आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत, दिवसाचा उष्मांक-खर्च त्यात अचूक पद्धतीने मोजला होता. शरीराचे आकारमान लक्षात घेऊन हिशेब केला तेव्हा असे दिसले की विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळपास स्थिर असतो. पाळी जाण्याच्या वयातही त्यात वेगळी घसरण दिसली नाही. साठीनंतर तो हळूहळू, वर्षाला एक टक्क्याहून कमी, उतरत जातो.

म्हणजे चाळिशीतल्या पोटाचा दोष चयापचयाच्या माथी मारता येत नाही. थायरॉइडचेही तेच. थायरॉइडचे काम कमी झाल्यास वजन वाढते हे खरे, पण ती वाढ बहुधा दोन ते पाच किलोंची असते आणि त्यातही पाणी व क्षार यांचा मोठा वाटा असतो. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, पाळीतील बिघाड, केस गळणे अशी लक्षणे असल्यास रक्ताची तपासणी अवश्य करावी. परंतु तपासणी चांगली आली तर ‘मग वजन कशाने वाढले?’ हा प्रश्न उरतोच.

शेतातून दुकानात

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची कहाणी एकाच साच्यातली असते. गृहस्थ पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे. वडिलांच्या काळात आणि स्वतःच्या तरुणपणी घरचे धान घरीच व्हायचे. चिखलणी, पऱ्हे खणणे, रोवणी, निंदण, कापणी, भारे बांधणे, पुंजणे रचणे, चुरणी. शिवाय सायकलने तालुक्याच्या गावी जाणे-येणे. आता शेती ठेक्याने दिली आहे किंवा ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरवर चालते. स्वतः पवनी, साकोली नाहीतर तुमसरला दुकान टाकले आहे, किंवा नोकरीत आहेत. घरापासून दुकान अर्धा किलोमीटर, तेवढ्यासाठीही मोटारसायकल. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीत. संध्याकाळी टीव्ही, रात्री मोबाईल.

ताट मात्र तेच राहिले. दोन्ही वेळा भाताचा डोंगर, वरण, भाजी, सोबत दोन पोळ्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली आपल्या देशातील स्त्री-पुरुषांची उष्मांकांची गरज नव्याने ठरवून दिली. ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० उष्मांक पुरतात. तेवढ्याच वजनाच्या, अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला ३,४७० लागतात. फरक १,३६० उष्मांकांचा. शंभर ग्रॅम तांदळात साधारण ३५० उष्मांक असतात. म्हणजे हा फरक रोजचा जवळजवळ ३९० ग्रॅम तांदळाचा झाला! शिजल्यावर त्याचा सुमारे एक किलो भात होतो. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत; तिथे फरक ३०० ग्रॅम तांदळाचा पडतो.

बांधीतून गादीवर येणाऱ्या प्रत्येक माणसाने ताटातून इतका तांदूळ कमी केला पाहिजे. कितीजण करतात? बहुतेकजण थोडा कमी करतात, पण पुरेसा नाही. उरलेला शरीर वाया घालवत नाही. ते चरबीच्या रूपाने साठवून ठेवते, आणि आपल्या लोकांत त्याची पहिली कोठी म्हणजे पोट.

भूक काम ओळखत नाही काय?

कुणी विचारील, काम कमी झाले तर भूक आपोआप कमी व्हायला नको काय? या प्रश्नाचे फार चांगले उत्तर आपल्याच देशात मिळाले. पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतील लोकांचा अभ्यास जाँ मेयर या आहारशास्त्रज्ञाने रॉय व मित्रा या भारतीय सहकाऱ्यांसह केला आणि तो १९५६ साली प्रसिद्ध झाला. गिरणीशी संबंधित सगळ्या थरांतली माणसे त्यांनी घेतली: दिवसभर बसून राहणारे दुकानदार, पर्यवेक्षक, कारकून, विणकर, आणि ओझी वाहणारे हमाल. कोण किती खातो आणि कोणाचे वजन किती, हे मांडून पाहिले.

हलक्या कामापासून जड कामापर्यंत जसजशी मेहनत वाढत गेली तसतसा आहारही वाढत गेला आणि वजन मात्र साधारण सारखेच राहिले. म्हणजे जोवर माणूस हालचाल करतो तोवर भूक इमानदारीने हिशेब ठेवते. पण अगदीच बैठ्या माणसांत हा हिशेब मोडला होता. दिवसभर बसणारे दुकानदार जड काम करणाऱ्यांच्या बरोबरीने खात होते आणि त्यांचे वजन सर्वांत जास्त होते.

या अभ्यासाला जवळपास सत्तर वर्षे झाली, तरी त्यातला धडा शिळा झालेला नाही. शरीराची हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भुकेवर विश्वास ठेवता येत नाही. ‘मी भूक लागेल तेवढेच जेवतो’ हे वाक्य शेतात राबणाऱ्याने म्हणावे. गादीवर बसणाऱ्याने नव्हे.

चालून वजन किती उतरते?

आता काहींना वाटेल, सोपे आहे. ताट तेच ठेवू आणि सकाळी फिरायला जाऊ. इथे हिशेब पुन्हा एकदा मांडावा लागेल. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपाट्याने चालला तर साधारण सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. तांदळात बोलायचे तर एक मूठ. परत येताना चौकात एक समोसा आणि गोड चहा घेतला की ती कमाई साफ होऊन वर उधारी चढते. तीनशे-चारशे ग्रॅमची तूट आणि मूठभराची भरपाई, असा हा व्यवहार आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो. नुसत्या चालण्याने, आहारात काहीही बदल न करता, वजन फार उतरत नाही. महिनाभर पहाटे उठून फिरणारा माणूस काट्यावर उभा राहतो, एक किलोही उतरलेला दिसत नाही, आणि तो बूट कोपऱ्यात टाकून देतो. फिरणे सुटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. या माणसाचे फिरणे फुकट गेले होते काय? मुळीच नाही. फक्त त्याने चुकीच्या काट्यावर मोजले.

काट्यावर न दिसणारा फायदा

स्नायू हे शरीरातील साखरेचे सर्वांत मोठे कोठार आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने मुख्यतः स्नायूंत शिरते. माणूस बसून राहिला की कोठार भरलेलेच राहते, दार उघडत नाही, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते आणि शेवटी ते थकते. हाच मधुमेहाचा रस्ता. चालताना स्नायू आपल्यातील साखर जाळतात, जागा रिकामी होते, आणि विशेष म्हणजे काम करणारा स्नायू इन्सुलिन कमी असतानाही रक्तातील साखर ओढून घेतो.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ अशा लोकांचा अभ्यास केला, ज्यांची साखर वाढीव होती पण मधुमेह झालेला नव्हता. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. यांतील एका गटाला रोज अर्धा तास चालणे आणि आहारात सुधारणा एवढेच सांगितले होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. आणि लक्षात घ्या, त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालेली नव्हती! काटा हलला नाही, पण रोग टळला.

रक्तदाब, झोप, सांधे, हाडे, मनाची उदासी या सगळ्यांवर होणारा चांगला परिणाम वेगळाच.

बारीक अंगाचा लठ्ठपणा

हे वाचून सडपातळ मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतील, म्हणून त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांनी स्वतःचीच मोजमापे केली. उंचीच्या मानाने वजन, ज्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात, दोघांचेही अगदी सारखे, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले.

आपली भारतीय शरीरयष्टीच अशी आहे. हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती. पुणे परिसरातील खेड्यांत याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासात तर ही ठेवण जन्मलेल्या बाळातच आढळली: वजन कमी, तरी त्या मानाने चरबी जास्त. म्हणूनच आपल्यासाठी जगापेक्षा कडक मापे ठरवली आहेत. बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त समजावे. त्याहून सोपे माप पोटाचे. शिवणकामाची टेप घ्या, उभे राहा, श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की धोक्याची घंटा समजावी, मग वजनाचा काटा काहीही म्हणो.

उपास, पावडरी आणि इंजेक्शने

काट्याच्या मागे लागलेला माणूस मग झटपट उपाय शोधतो. महिनाभर भात बंद, कडक उपास, नाहीतर घरोघरी येऊन विकली जाणारी कसलीशी पावडर. वजन उतरतेही. पण नुसती उपासमार केली तर उतरलेल्या वजनापैकी साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा असतो. शिवाय शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते आणि ते आपला खर्च आखडते. चयापचय मंद होते ते हे असे, वयामुळे नव्हे.

अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक टीव्ही कार्यक्रम होता. त्यातील १४ स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ साली तो अहवाल आला. बहुतेकांचे उतरलेले वजन बरेचसे परत चढले होते, आणि त्यांचे चयापचय त्यांच्या वजनाच्या मानाने असायला हवे त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिले होते. त्यांच्यापैकी ज्यांनी वजन धरून ठेवले होते, त्यांची रोजची हालचाल इतरांपेक्षा बरीच जास्त होती. १९९४ पासून अमेरिकेत आणखी एक नोंदवही चालवली गेली. त्यात भरपूर वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवणाऱ्या हजारो लोकांची नोंद झाली. त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करीत असल्याचे दिसले.

यावरून कामाची वाटणी स्पष्ट होते. वजन उतरवण्याचे काम मुख्यतः ताटाचे. उतरलेले वजन टिकवण्याचे काम मुख्यतः व्यायामाचे. बैलजोडीतला एक बैल सोडून नांगर धरला तर तास वाकडाच जाणार.

२०२५ सालापासून वजन कमी करणारी नवी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ती परिणामकारक आहेत, काही रुग्णांना आवश्यकही आहेत. परंतु ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, औषधाच्या दुकानातून परस्पर नव्हे. आणि त्यांनीही चरबीबरोबर स्नायू झिजतात, म्हणून व्यायाम आणि प्रथिने त्यांच्याबरोबरही चुकत नाहीत.

स्नायू राखा

चाळिशीनंतर, काहीही न केल्यास, स्नायू दर दशकाला थोडेथोडे झिजत जातात. ‘स्नायू वाढवा, झोपेतही चरबी जळेल’ अशा जाहिराती असतात, त्यांत अतिशयोक्ती आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला फक्त १३ उष्मांक खर्च करतो, एक किलो चरबी साडेचार. फरक आहे, पण चमत्कार नाही. स्नायूंचे खरे मोल साखरेचे कोठार म्हणून आहे, आणि म्हातारपणी खाटेवरून स्वतःच्या बळावर उठता यावे यासाठी आहे.

त्यासाठी जिमच हवी असे नाही. आपल्या विदर्भाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली होती. दंड, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना लागते ती फक्त एक सतरंजी. ज्यांना बैठका जमत नाहीत त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि बसावे. दंड जमत नाहीत त्यांनी भिंतीला हात लावून काढावेत. दहापासून सुरुवात करून दर आठवड्याला दोन वाढवावेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत.

मग नेमके काय करावे?

१. आठवड्यातून पाच दिवस रोज किमान अर्धा तास झपाट्याने चालावे. वेग असा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. भंडाऱ्यात असाल तर खांब तलावाचा परिसर आहे, गावात असाल तर मामा तलावाची पाळ आहे. शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून जावे. एकटीने जाताना वाटणारा संकोच आणि कुत्र्यांची भीती दोन्ही कमी होतात.

२. सलग वेळ मिळत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालावे. आपल्या आजी-आजोबांची शतपावली ती हीच. न्यूझीलंडमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

३. दुकानात, कचेरीत दर अर्ध्या तासाने उठावे. पाणी स्वतः आणावे, फोन उभ्याने घ्यावा. अर्ध्या किलोमीटरसाठी गाडीची किक मारू नये.

४. भात सोडू नका. पिढ्यान्‌पिढ्या आपण भातावर जगलो आहोत. फक्त तो कामाच्या मापाने घ्या. आधी भाजी आणि घट्ट वरण वाढून घ्या, नंतर भात, आणि दुसऱ्यांदा भात घ्यायचा असेल तर पाच मिनिटे थांबून घ्या. रात्री भात आणि पोळी यांपैकी एकच. चहातील साखर निम्मी. तेल माणशी महिन्याला अर्ध्या किलोवर जाऊ नये.

५. प्रत्येक जेवणात प्रथिने हवीत. डाळ, चणे, दही, अंडे, तलावाचे मासे, झिंगे. ज्याला जे चालते ते. यांनी पोटही लवकर भरते.

६. घाई करू नका. सहा महिन्यांत वजनाच्या पाच ते सात टक्के उतरले, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचे चार ते साडेपाच किलो, तरी रक्तदाब आणि साखर यांत चांगला फरक पडतो.

कोणी जपावे?

चालताना छातीत दडपण येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, भोवळ येणे, असे काही झाल्यास तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास उपाशीपोटी लांब फिरायला जाऊ नये; खिशात साखरेची पुडी ठेवावी. अशांनी गवतावर अनवाणी चालण्याच्या नादी लागू नये. बूटमोजे घालावेत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलचा आजार असणाऱ्यांनी दम लागेपर्यंत व्यायाम करू नये, भरपूर पाणी प्यावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आणि एप्रिल-मे महिन्यात सर्वांनीच सकाळी सातच्या आत घरी परत यावे.

एक शेवटची गोष्ट. हा लेख सगळ्यांसाठी नाही. आषाढ-श्रावणात दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला व्यायामाची गरज नाही. तिला गरज आहे ती पोटभर जेवणाची, डाळीची, अंड्याची आणि लोहाच्या गोळीची. सुनेने काय खावे हे ठरवताना सासूबाईंनी हे लक्षात ठेवावे. एकाच घरात वजन वाढलेले सासरे आणि रक्त कमी झालेली सून, असे दृश्य मला नेहमी दिसते. त्या घरात अन्न कमी नसते; ज्याचे काम जास्त त्याच्या ताटात ते पोचत नाही, एवढेच.

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी घरातील शिवणाची टेप शोधा. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाचा पोटाचा घेर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेत लिहून ठेवा. वजन नाही लिहिले तरी चालेल. तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे वागा आणि पुन्हा मोजा. घेर दोन बोटे जरी आत गेला असेल तरी आपण योग्य वाटेवर आहात असे समजा, आणि ती वाट सोडू नका.